दीर्घ खंडानंतर पुन्हा धावणे : पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात करावी की ऑक्टोबरची वाट पाहावी?

पठारवाट (फोंडा)

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका विद्यालयात शिकवते; वयाची पंचेचाळिशी ओलांडली आहे. पूर्वी मी नियमित धावत असे. आठवड्यात फर्मागुडीच्या पठारावरचे फेरे, रविवारी पणजीला जाऊन मिरामार ते दोनापावला आणि परत, आणि हिवाळ्यात एखादी अर्धमॅरेथॉन असा माझा क्रम होता. २१ किलोमीटर सव्वादोन तासांच्या आत पूर्ण होत. पुढे घरात मोठे आजारपण निघाले, पाठोपाठ मला स्वतःला चिकुनगुनिया झाला आणि त्याची सांधेदुखी कित्येक महिने रेंगाळली. या सगळ्यात धावणे पूर्णपणे सुटले. आता सांधे दुखत नाहीत, घरची घडीही बसली आहे, परंतु धावणे परत रुळावर येत नाही.

अडचण अशी की सुरुवात होते आणि मोडते. दुसऱ्याच किलोमीटरला धाप लागते आणि मनगटावरच्या घड्याळातला वेग पाहून मन खट्टू होते. तरीही नेटाने चालू ठेवले की दोन-तीन आठवड्यांत दम थोडा सुधारतो, आणि आता जमले असे वाटू लागते न लागते तोच पोटरी आखडते किंवा टाच दुखू लागते. मग विश्रांती घ्यावी लागते आणि विश्रांती लांबत जाते.

घरच्यांचे म्हणणे असे की पाऊस आठवड्या-दोन आठवड्यांवर आला आहे, आता चवथ होऊन जाऊ दे, पाऊस ओसरू दे आणि ऑक्टोबरात काय ते कर. मला मात्र आणखी चार-पाच महिने घालवायचे जिवावर आले आहे. शिवाय शाळा सकाळी आठच्या आत सुरू होत असल्याने माझ्याकडे एक तर भल्या पहाटेची किंवा संध्याकाळची वेळ उरते. अशा स्थितीत सुरुवात नेमकी कुठून करावी, वेग किती ठेवावा आणि पोटरीचे हे दुखणे टाळता येईल का, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे. आणखी एक गोष्ट लिहायला थोडा संकोच वाटतो, पण लिहिते. जुने सोबती अजून त्याच रस्त्यावर धावतात, आणि त्यांच्या नजरेसमोर चालत-थांबत जाणे मला जड जाते.

मिरामार फेरा (पणजी)

बाई, नमस्कार. मी साठीकडे झुकलेला माणूस आहे आणि कांपाल ते करंझाळे या पट्ट्यात बरीच वर्षे पहाटे धावत आलो आहे. मोठ्या खंडानंतर परतलेली अनेक माणसे या रस्त्यावर पाहिली. आपण ज्या क्रमाने त्रास सांगितला आहे तोच क्रम त्यांच्यातल्या बहुतेकांचा असतो, आणि उत्तरही त्या क्रमातच आहे. दम दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुधारू लागतो आणि नेमकी त्याच सुमारास पोटरी धरते, हा योगायोग नव्हे.

धावणे थांबले की सर्वांत आधी रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जाते आणि तेवढ्याच वेगाला अधिक धाप लागते. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात कसलेल्या खेळाडूंना सराव पूर्णपणे थांबवायला लावले होते. पहिल्या २१ दिवसांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी उतरली आणि ८४ दिवसांच्या अखेरीस ही घट सुमारे १६ टक्क्यांवर गेली. आपला खंड त्याहून कितीतरी मोठा आहे, तेव्हा आपली घसरण अधिक झाली असणार हे धरून चालावे. पण जे लवकर जाते ते लवकर परतते. सराव सुरू केल्यावर रक्तातील द्रव एक-दोन आठवड्यांतच वाढू लागतो आणि दम सुधारल्यासारखा वाटतो. पोटरीचे स्नायूबंध आणि पायांची हाडे यांना मात्र महिने लागतात. म्हणून ज्या दिवशी तुम्हाला प्रथमच बरे वाटेल, त्या दिवशी अंतर वाढवू नका. माझ्या मते संपूर्ण परतीच्या काळात पाळण्याजोगा हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे आणि तोच पाळणे सर्वांत अवघड जाते, कारण त्या दिवशी पाय नुसते पळा म्हणत असतात.

आता वेगाविषयी. पहिले दोन-अडीच महिने घड्याळाच्या पडद्यावरून वेग काढून टाका आणि केवळ किती मिनिटे झाली तेवढे दिसू द्या. यामागे आपल्या हवेचेही कारण आहे. मे महिन्यात पणजीत पहाटे साडेपाच वाजतासुद्धा तापमान २६-२७ अंशांच्या आसपास असते आणि हवा बाष्पाने भरलेली असते. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळणारा घाम शरीराला थंड करीत नाही. मग उष्णता बाहेर टाकण्यासाठी हृदयाला त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते आणि पायांच्या वाट्याचे कमी होते. त्याच प्रयत्नाला जानेवारीत जो वेग मिळतो तो मे महिन्यात मिळत नाही, अगदी सरावातल्या माणसालाही मिळत नाही. आपण मात्र जुन्या हिवाळ्यातल्या वेगाशी मे महिन्यातला वेग ताडून पाहता आणि स्वतःला बोल लावता.

वेगाऐवजी श्वास मोजावा. धावताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे. आपण शिक्षिका आहात म्हणून सुचवतो : सतराचा पाढा मोठ्याने म्हणत जा. मध्येच श्वासासाठी थांबावे लागले तर वेग जास्त आहे असे समजून चालायला लागा.

चालण्याचा संकोच तर मुळीच धरू नये. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी त्याच दशकात धावणे आणि चालणे आलटून-पालटून करण्याची पद्धत शिकवायला सुरुवात केली आणि आज जगभर असंख्य लोक पूर्ण मॅरेथॉनही त्याच पद्धतीने करतात. १९९६ मध्ये जॉश क्लार्क यांनी नवख्यांसाठी आखलेला नऊ आठवड्यांचा प्रसिद्ध क्रमही ६० सेकंद धावणे आणि ९० सेकंद चालणे इथूनच सुरू होतो. आपण आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, असा आरंभ करावा : पाच मिनिटे भरभर चालणे, मग एक मिनिट संथ धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे आठ वेळा, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटे चालणे. हे फारच सोपे वाटेल. तसेच वाटायला हवे. दोन आठवडे काहीही न दुखता गेले की धावण्याची मिनिटे हळूहळू वाढवा आणि चालण्याची कमी करा. सलग अर्धा तास धावणे ऑगस्टअखेर जमले तरी चांगलेच म्हणायचे.

जुन्या सोबत्यांविषयी माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. त्यांना टाळण्यासाठी रस्ता बदलू नका, पण त्यांच्या बरोबरीने सुरुवातही करू नका. सोबत धावताना माणूस नकळत दुसऱ्याचा वेग धरतो आणि पाढा राहून जातो. त्यांच्याबरोबर आरंभीचे चालणे करा, गप्पा करा आणि मग त्यांना पुढे जाऊ द्या.

सासष्टीची फिजिओ (मडगाव)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. पोटरी आणि टाच यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हे दुखणे घेऊन येणारे लोक दवाखान्यात नेहमी भेटतात, आणि त्यांतल्या अनेकांनी केवळ विश्रांती घेतलेली असते.

धावताना पोटरीच्या आतल्या बाजूच्या स्नायूवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येऊ शकतो. हा भार टाचेच्या मागच्या जाड स्नायूबंधातून जातो. विश्रांतीने दुखणे शमते, परंतु भार पेलण्याची ताकद वाढत नाही, उलट घटते. म्हणून विश्रांतीनंतर पुन्हा धावायला लागले की तेच दुखणे त्याच जागी उभे राहते. यावर उपाय म्हणजे धावण्याच्या आधीपासून पोटरीला भार देणे. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहावे, भिंतीचा आधार घ्यावा, सावकाश वर उठावे आणि त्याहून सावकाश टाच खाली न्यावी. प्रथम दोन्ही पायांवर पंधरा-पंधराच्या तीन आवृत्त्या, त्या सहज होऊ लागल्या की एका पायावर, आणि पुढे पाठीवर दप्तर घेऊन. गुडघा सरळ ठेवून एकदा आणि किंचित वाकवून एकदा असे दोन्ही प्रकार करावेत, कारण आतल्या स्नायूला वाकलेल्या गुडघ्यातच खरा व्यायाम मिळतो. एका पायावर वीस-पंचवीस वेळा पूर्ण उंचीपर्यंत उठता येत नसेल, तर सलग धावण्याची घाई करू नये असे मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते. हा व्यायाम घरात होतो, पावसाने त्याला काही बाध येत नाही, आणि आठवड्यातून तीन दिवस पुरतो.

टाच दुखते म्हणजे नेमकी कुठे, हेही पाहावे. सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावले टाकताना टाचेच्या खालून कळ येत असेल तर तळव्याच्या पडद्याचा दाह असण्याची शक्यता अधिक असते, आणि टाचेच्या मागे ताठरपणा जाणवत असेल तर स्नायूबंधाचा. दोन्हींत वरचा व्यायाम उपयोगी पडतो. पहिल्यात बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून करावा. व्यायाम करताना सौम्य दुखले तरी चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवे. तसे न झाल्यास भार जास्त झाला. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल अशी वेदना असेल, तर मात्र धावणे लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हाडाची डागडुजी होताना आधी झिजलेला भाग पोखरून काढला जातो आणि मागाहून नवे हाड भरले जाते. त्या मधल्या काळात हाड तात्पुरते कमजोर असते, आणि हा काळ बहुतेक वेळा दम परतण्याच्या काळाशी जुळून येतो.

अंतर किती वाढवावे याविषयी आठवड्याला दहा टक्के हा नियम सर्वत्र सांगितला जातो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे नवख्या धावकांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र हा नियम पाळणाऱ्यांना आणि न पाळणाऱ्यांना जवळपास सारख्याच प्रमाणात दुखापती झाल्या. त्यामुळे आठवड्याच्या बेरजेचे फार स्तोम माजवू नये. मला अधिक महत्त्वाची वाटते ती एका दिवसातली उडी : गेल्या महिन्याभरातील आपल्या सर्वांत लांब फेरीपेक्षा एकाच दिवशी खूप लांब जाणे. रविवारची सकाळ आहे, हवा बरी आहे, दोनापावल्यापर्यंत जाऊनच येऊ, असे म्हणून केलेली एकच फेरी पुढचे सहा आठवडे घेऊन जाते.

वाळूविषयीही इशारा देते, कारण गोव्यात सगळेच हा सल्ला देतात की समुद्रावर धावा, वाळू मऊ असते. कोरड्या मऊ वाळूत धावायला कठीण जमिनीच्या तुलनेत सुमारे दीडपटीहून जास्त शक्ती लागते आणि टाच खोल रुतल्याने पोटरी ताणली जाते. ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट वाळू बरी, परंतु कोलवा-बाणावलीच्या किनाऱ्यावरही पाण्याच्या बाजूला उतार असतोच, त्यामुळे एकाच दिशेने लांब गेल्यास एका पायावर वेगळा ताण पडतो. पहिले दोन महिने सपाट रस्ता किंवा मैदानच धरावे.

आपल्याला चिकुनगुनिया होऊन गेला आहे. सकाळी उठल्यावर बोटे किंवा घोटे अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडत असतील किंवा सांध्यांवर सूज दिसत असेल, तर धावण्याआधी एकदा तपासून घ्यावे.

डिचोलीचा वाटसरू

सर्वांनी खूप शास्त्र सांगितले आहे. माझा अनुभव सरळ आहे. पुढे तारीख दिसत असल्याशिवाय माणूस अंथरूण सोडत नाही. वास्को-चिखलीला डिसेंबरात गोवा रिव्हर मॅरेथॉन होते. तिच्यातल्या छोट्या अंतरात नाव घालून टाका. पैसे भरले की पाय आपोआप उठतात. मी मये तळ्याच्या बाजूने धावतो आणि मला तरी दुसऱ्या कशाने शिस्त लागलेली नाही.

सकाळ साडेपाच (पर्वरी)

वाटसरू दादा, आपल्याला ते लागू पडले असेल, पण या ताईंना तारखेचा उपयोग होण्याऐवजी त्रास होईल असे मला वाटते. त्यांनी लिहिले आहे की धाप लागली तरी त्या नेटाने चालू ठेवतात. अशा स्वभावाच्या माणसासमोर तारीख ठेवली की दुखणाऱ्या पोटरीसह सराव होतो. नाव घालायचेच असेल तर सलग अर्धा तास न दुखता धावता येऊ लागल्यावर घालावे. अंतर छोटे आहे, त्यानंतरही वेळ पुरतो.

ऑक्टोबरपर्यंत थांबण्याविषयी मात्र मी ठामपणे सांगेन की थांबू नका. पावसाळा धावायला वाईट असतो हा समज बाहेरून पाहणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे वर्षाचा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरात पडतो हे खरे, पण तो चोवीस तास पडत नाही. सरींच्या मध्ये उघडीप मिळते, ऊन नसते आणि दिवसाचे तापमान मे महिन्याहून चार-पाच अंशांनी खाली आलेले असते. धावून-चालून अर्ध्या तासाचा व्यायाम करणाऱ्याला याहून सोयीचे दिवस नाहीत. उलट ऑक्टोबरात आकाश मोकळे होते, ऊन तापते आणि जमिनीतली ओल वाफ होऊन वर येते. ऑक्टोबरात नव्याने सुरुवात करणारे दिवाळीपर्यंत कंटाळतात हे मी दर वर्षी पाहते. आत्ता मिनिटांनी सुरुवात केली तर ऑक्टोबर हा आपला पाचवा महिना असेल, पहिला नसेल.

आपली शाळा लवकर असते, तर पावसाळ्यात संध्याकाळ धरावी. जून-जुलैत सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, म्हणजे साडेपाच-सहाला निघूनही उजेडात परतता येते. आकाशात गडगडाट असेल तर त्या दिवशी पठारावर अजिबात जाऊ नये. उघड्या पठारावर वीज पडण्याचा धोका खरा असतो, आणि जूनच्या सुरुवातीला व पाऊस परतताना विजा अधिक होतात. जांभ्याच्या पायऱ्या आणि देवळांच्या आवारातील फरशा यांवर जुलैत शेवाळ धरते, तेथे धावू नये. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टेही ओले झाले की घसरतात. भिजलेले मोजे बदलायला जवळ कोरडा जोड ठेवावा, नाहीतर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि मग वेगळीच सुट्टी घ्यावी लागते.

कुत्र्यांचा विषय कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण अनेक बायकांचे धावणे त्यापायीच सुटते. कुत्रा अंगावर आला तर पळू नये. थांबावे, त्याच्या डोळ्यांत न पाहता त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकावे. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले असले, तरी चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. त्यात हयगय नको.

शेवटचे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे. आपले वय सांगितले आहे म्हणून लिहिते. दुसऱ्या किलोमीटरला लागणारी धाप ही नेहमीच सराव सुटल्याची नसते. पाळी बंद होण्याआधीच्या वर्षांत रक्तस्राव वाढलेला असू शकतो आणि स्त्रीला ते थकव्यावाचून दुसऱ्या कशावरून कळत नाही. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर स्त्रियांमध्ये तो रक्तक्षय धरतात, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातील लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, रिकामा झालेला असू शकतो. या दोन्ही तपासण्या, थायरॉईड, साखर आणि रक्तदाब एवढे एकदा करून घ्यावे. छातीत दडपण, चक्कर किंवा चढावर नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवत असेल तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय धावूच नये. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी वर्षभर स्वतःला आळशी ठरवले होते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत त्यांना चढ सोपा जाऊ लागला.

पठारवाट (फोंडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फेरिटिन हा शब्द मी कधी तपासणीच्या कागदावर पाहिलेला नाही. या आठवड्यातच रक्त देऊन येते. टाच मागच्या बाजूनेच दुखते आणि सकाळी थोडी ताठर असते, म्हणजे मडगावच्या ताईंनी सांगितलेला दुसरा प्रकार असावा. तोपर्यंत पायरीवरचा व्यायाम सुरू करते.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली, फोंड्यात सपाट रस्ता शोधणे कठीण आहे. कवळ्याकडे जा किंवा बांदिवड्याकडे, चढ-उतार आलेच, आणि मुख्य रस्त्यावर वाहनांमुळे धावण्याची सोय नाही. दुसरी, माझे जुने बूट कपाटात जवळजवळ नवे म्हणावेत असे आहेत; ते वापरावेत का?

सासष्टीची फिजिओ (मडगाव)

चढाचे भय बाळगू नका, मात्र चढावर चाला आणि सपाटीवर धावा. टाचेच्या मागचे दुखणे असताना चढावर पोटरी अधिक ताणली जाते, आणि उतारावर धावताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर व गुडघ्यांवर भार येतो. म्हणून पहिले काही आठवडे उतारही चालतच उतरावा. पठारावर पोहोचेपर्यंतचा चढ हेच आपले पाच मिनिटांचे चालणे समजा. वर गेल्यावर दोनशे-तीनशे मीटरचा बऱ्यापैकी सपाट तुकडा मिळाला तरी एक मिनिट धावायला तो पुरतो. त्यावरच येरझाऱ्या घालाव्यात. कंटाळवाणे आहे, हे मान्य.

पायरीवरच्या व्यायामात सध्या टाच पायरीच्या पातळीखाली फार खोल नेऊ नका. दुखणे हाडाला लागून अगदी खाली असेल तर खोल ताणाने ते वाढते. तसे असेल तर जमिनीवर उभे राहूनच व्यायाम करावा.

डिचोलीचा वाटसरू

बुटांचे मी सांगतो, त्यात मला कळते. बंद कपाटात दोन पावसाळे काढलेला जोड वरून नवा दिसतो, पण आपल्या दमट हवेत तळ चिकटवलेला गोंद सुटतो आणि मधला फोम कडक होतो. काही जातींचा फोम तर ओलीने कुजून भुगाच होतो. बूट दोन्ही हातांनी मधोमध पिळून पाहा आणि पुढचा तळ अंगठ्याने उचकटून पाहा. फट दिसली, फोमला चिरा दिसल्या किंवा अंगठ्याने दाबल्यावर तो दबतच नसला, तर ते बूट बाजारात जायला ठेवा आणि धावायला नवे घ्या. नवे घेताना संध्याकाळी जा, कारण दिवसभर उभे राहून शिकवल्यावर पाय थोडे सुजलेले असतात; पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. पावसाळ्यात ओले बूट उन्हाशिवाय वाळत नाहीत, तेव्हा आतले पातावे (तळाशी असणाऱ्या सुट्या पट्ट्या) काढून ठेवावेत आणि वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवावेत. कागद भिजला की बदलावा.

आणि डिसेंबरचे मी मागे घेत नाही, फक्त पुढे ढकलतो. पर्वरीच्या ताईंचे म्हणणे पटले आहे. अर्धा तास सलग झाला की येथे लिहा.

मिरामार फेरा (पणजी)

बाई, तपासण्यांचे निकाल हाती येईपर्यंत केवळ चालावे, एवढेच सुचवितो. रविवारी पणजीला येणार असाल तर आम्ही काही जण सहाला मिरामारच्या गोलाकाराजवळ जमतो आणि पहिली दहा मिनिटे चालतच जातो. पुढे प्रत्येक जण आपापल्या वेगाने जातो, आणि आता आमच्यातले निम्मे मध्ये मध्ये चालतात, त्यात आपले जुने सोबतीही आले.